फोडणीवरचा कर

कायदा पाळणाऱ्या माणसाला मुंबईत सुखानं जगता येत नाही, असं शरच्चंद्र टिपणिसांचे शेजारी म्हणत. त्यावर टिपणिसांचं म्हणणं असं, की कायदा पाळणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच आहे, तो मुलुंडला राहतो, आणि एकट्या माणसाच्या अनुभवावरून असं सरसकट विधान करणं बरोबर नाही.

टिपणीस फोर्टातल्या एका विमा कंपनीत दुय्यम हेडक्लार्क होते. रेडिओचं लायसन्स ते मुदत संपायच्या आधी, स्वतः जाऊन, प्रसाद घेतल्यासारखा उजवा हात पुढे करून घेत. ‘येथे थुंकू नये’ अशी पाटी दिसली की आवंढासुद्धा जपून गिळत. सायकल त्यांच्याकडे नव्हती, पण सायकलला दिवा कधी लावावा याचे नियम त्यांना पाठ होते. असा माणूस सरकारचा लाडका असायला हवा. पण लाडका होण्यासाठी आधी सरकारला आपण माहीत असावं लागतं, आणि पंचावन्न सालच्या मे महिन्यापर्यंत सरकारला टिपणीस माहीत नव्हते.

ती ओळख कैरीच्या डाळीनं करून दिली.

झालं होतं असं, की टिपणिसांच्या पत्नी वसुधाताई ज्या महिला मंडळाच्या चिटणीस होत्या, त्या मंडळाची एक बालवाडी होती. बालवाडीच्या पत्र्याला इतकी भोकं पडली होती, की गेल्या पावसाळ्यात पोरांना ‘ये रे ये रे पावसा’ शिकवायची सोय उरली नव्हती. म्हटल्याबरोबर तो आतच यायचा. मिरगाच्या आत नवे पत्रे घातले नाहीत तर बालवाडी बंद करावी लागणार होती. म्हणून रविवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मंडळाचा मेळा ठरला. खाण्यापिण्याची जबाबदारी वसुधाताईंनी घेतली. पन्हं, कोकमाचं सरबत, कैरीची डाळ, चकल्या आणि ओल्या नारळाच्या वड्या. वरच्या मजल्यावरची सुगंधा परब कोकमाचं आगळ, म्हणजे मिठात मुरवलेला घट्ट रस, देणार होती.

यात टिपणिसांकडे एकच काम होतं: घरातलं टेबल उचलून मैदानात नेणं. ते त्यांनी तेवढंच केलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण सोमवारी संध्याकाळी नाडकर्णी आले.

मधुकरराव नाडकर्णी शेजारच्या बिऱ्हाडात राहत. उभा जन्म त्यांनी कोर्टात कारकुनी केली होती. पेन्शनीत गेल्यावर कुणी फुलझाडं लावतं, कुणी गीता वाचतं. नाडकर्णी दुसऱ्यांच्या मनात शंका पेरत, आणि त्या उगवल्या का बघायला रोज सकाळी येत.

“टिपणीस, विक्री करताय म्हणे?” त्यांनी खुर्चीत बसता बसता विचारलं.

“मी नाही हो. मंडळ करतंय. बालवाडीसाठी.”

“कुणासाठी का असेना. विक्री आली की विक्रीकर आला. परवानगी काढलीत?”

टिपणिसांच्या हातातली सुपारी अडकित्त्यातच राहिली.

“पन्ह्याला परवानगी?”

“तेच सांगतोय. तांदूळ, डाळ, भाजीपाला याला सरकार हात लावत नाही. पण शिजवलंत की गोष्ट वेगळी. शिजवून गोड केलंत तर आणखी वेगळी. बसवून खायला घातलंत तर ते उपाहारगृह. पुडीत बांधून दिलंत तर दुकान. बाटलीला बूच मारून विकलंत तर कारखाना. आणि उभ्या उभ्या खाल्लं तर...”

“तर काय?”

“तर त्याबद्दल मतभेद आहेत.”

“आणि चालता चालता खाल्लं तर?” स्वयंपाकघरातून वसुधाताईंनी विचारलं.

नाडकर्ण्यांनी डोळे मिटून विचार केला. “हा मुद्दा चांगला आहे,” ते म्हणाले. “कोर्टात नेण्यासारखा आहे.”

वसुधाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “अहो, एका संध्याकाळचं पन्हं ते! सरकारला कळणारसुद्धा नाही.”

हे वाक्य त्यांनी दुसऱ्या कुठल्याही नवऱ्यापुढे उच्चारलं असतं तर चाललं असतं. टिपणिसांना ते जिव्हारी लागलं. सरकारला कळणार नाही म्हणून कर चुकवायचा, म्हणजे चोरी. आणि तीही बालमनांवर संस्कार करणाऱ्या संस्थेच्या नावानं! ते उठून उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, “सरकारला कळेल. मी स्वतः कळवीन.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यांनी अर्ज लिहिला. तो साधा लिहिला असता तरी निभावलं असतं. पण विमा कंपनीतल्या नोकरीमुळे टिपणिसांना कुठलीही गोष्ट पूर्ण वर्णन केल्याशिवाय चैन पडत नसे. पन्ह्यापुढे त्यांनी इंग्रजीत लिहिलं, ‘एक उत्साहवर्धक पेय’. कोकमाच्या सरबतापुढे लिहिलं, ‘कोकणातून खास मार्गानं आणवलेल्या, मुरवलेल्या अर्कापासून तयार केलेलं लालसर द्रव्य’. खास मार्ग म्हणजे सुगंधाचा दीर बोटीनं येताना आगळाच्या बाटल्या पिशवीत घालून आणायचा, तो. पण हे अर्जात लिहायला जागा उरली नव्हती.

विक्रीकराच्या कचेरीतल्या कारकुनानं अर्ज वाचला. मग टिपणिसांकडे पाहिलं. परत अर्ज वाचला आणि ‘उत्साहवर्धक’, ‘मुरवलेला’ आणि ‘खास मार्ग’ या शब्दांखाली लाल पेन्सिलीनं रेघा मारल्या. आपलं इंग्रजी आवडलेलं दिसतंय, असं वाटून टिपणीस खूश होऊन परतले.

ते दारूबंदीचे दिवस होते, हे सगळ्या मुंबईला माहीत होतं. टिपणिसांना तर कलमांसकट माहीत होतं. फक्त त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी ते घरी येऊन कोट काढताहेत तोच दारात हवालदार उभा राहिला. नाव दशरथ मोहिते, मिशा नावाला शोभणाऱ्या.

“टिपणीस तुमीच? माल कुठाय?”

‘माल’ हा शब्द या अर्थानं टिपणिसांच्या घराण्यात कुणी ऐकला नव्हता. गॅलरीत एकेक डोकं दिसू लागलं. नाडकर्णी तर खुर्ची घेऊनच आले.

वसुधाताई मात्र शांत होत्या. मेळ्यासाठी चव बघायला केलेलं पन्हं त्यांनी पेल्यात ओतलं आणि हवालदारापुढे धरलं. “हा माल. बघा.”

हवालदारानं वास घेतला. “वासानं कळत न्हाई,” असं म्हणून पेला रिकामा केला. मग पाटावर बसला, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

“काय झालं हो?” टिपणिसांनी घाबरत विचारलं.

“वाट बघतोय. चडायला किती येळ लागतो?”

“अहो, चढत नाही हो ते! कैरी, गूळ आणि वेलची आहे त्यात.”

“तसं समदेच म्हनत्यात,” हवालदार म्हणाला. “आनखी एक द्या. एकानं अंदाज येत न्हाई.”

दुसऱ्या पेल्यानंतरही अंदाज येईना, म्हणून तिसरा झाला. मग लाल द्रव्याची चौकशी निघाली, तेव्हा वरच्या मजल्यावरून सुगंधाचा नवरा लवू परब धडाधडा जिना उतरून आला. लवू पूर्वी परळच्या गिरणीत होता, आता बसवर कंडक्टर होता, आणि आवाज अजून साच्यांच्या खडखडाटाच्या वरचा होता.

“दारू? माझ्या आवशीन गावासून धाडलेलां आगळ आसा ह्यां! ह्येका दारू म्हणतास? म्हातारेच्या कानार गेलां तर ती चलत येतली मालवणासून!”

“मंग पाजा की, आवाज कशाला चडवता?” हवालदार म्हणाला.

कोकमाचं सरबत पिऊन झालं. सगळी गॅलरी श्वास रोखून बघत होती. शेवटी हवालदार उठला, मिशा पुसल्या आणि निर्णय दिला. “चडत न्हाई. उलट सकाळपासनं डोकं चडलं होतं ते उतरलं.” जिन्यापाशी जाऊन तो पुन्हा वळला. “उद्या दुसऱ्या हवालदाराला धाडतो. आमच्यात एकट्याचं मत धरत न्हाईत.”

प्रकरण मिटलं, पण टिपणिसांची अब्रू काही जाग्यावर आली नाही. गुरुवारी सकाळी दूधवाला त्यांच्याकडे नव्या आदरानं बघत होता. स्टेशनच्या वाटेवर एका परक्या गृहस्थानं जवळ येऊन, डोळा बारीक करून विचारलं, “संध्याकाळी घरीच असता ना?” आजोबांपासून चालत आलेलं टिपणिसांचं नाव मुलुंड पश्चिमेत हातभट्टीवाल्यांच्या पंगतीत जाऊन बसलं होतं.

“आता तरी पुरे करा,” वसुधाताई म्हणाल्या.

“आता तर परवानगी हवीच!” टिपणीस म्हणाले. “लोकांना दाखवायला.”

शुक्रवारी त्यांना विक्रीकराच्या कचेरीत नमुने घेऊन बोलावलं. वसुधाताईंनी टोपली भरून दिली. अधिकारी अजगावकर नावाचे, सडसडीत आणि अत्यंत गंभीर गृहस्थ होते. त्यांच्या टेबलावर उघडा डबा होता, आणि डब्यात दुधी होता. तो ते फार दुःखानं खात होते.

टोपलीवरचं फडकं बाजूला झालं. कैरीच्या डाळीचा वास कचेरीभर पसरला आणि टायपिंग थांबलं.

“हे काय?” अजगावकरांनी विचारलं.

“कैरीची डाळ, साहेब. हिला कर लागतो का?”

साहेबांनी चमचाभर डाळ तोंडात टाकली. मग दुधीचा डबा हळूच बंद करून बाजूला सरकवत म्हणाले, “डाळ म्हणजे धान्य. धान्याला कर नाही.”

“पण ती वाटलेली आहे,” कचेरीचा हेडक्लार्क पुढे येत म्हणाला. त्याच्या हातात बशी होती. ती कुठून आली हे टिपणिसांना कळलं नाही.

“वाटली म्हणून काय झालं? पीठ दळलेलं असतं, तरी ते धान्यच.”

“पण हा तर शिजवलेला पदार्थ?” हेडक्लार्कनं विचारलं.

“शिजवलेला नाही, साहेब!” टिपणीस घाईनं म्हणाले. “डाळ नुसती भिजवलेली. कैरी किसलेली. शिजली आहे ती फक्त फोडणी.”

कुणीतरी मागून म्हणालं, “मग फोडणीवर लावा कर.”

“फोडणी वेगळी कशी काढणार?”

“आधी विकायची डाळ, मग गिऱ्हाइकासमोर फोडणी घालायची. डाळ माफ, फोडणीला कर.”

“पण गिऱ्हाइकानं स्वतःची फोडणी आणली तर?”

इथं कचेरीत दोन तट पडले. एक तट कच्च्याचा, दुसरा शिजलेल्याचा. आपापला मुद्दा पटवण्यासाठी प्रत्येक जण पुन्हा चमचा घालत होता. नारळाच्या वडीवर तर भांडण जुंपलं. नारळ फळ, साखर किराणा, मग वडी मिठाई कशी? चकलीचा निकाल लागण्यापूर्वीच चकल्या संपल्या. पन्ह्याच्या बाबतीत कैरी हे फळ की भाजी, असा प्रश्न निघाला, आणि दोघं कारकून एकमेकांना ‘तुमच्या घरी कैरीची भाजी करतात का?’ असं तावातावानं विचारू लागले. टिपणीस रिकाम्या होणाऱ्या टोपलीकडे बघत मान डोलवत होते. कायद्याचं इतकं सखोल मंथन त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

शेवटी अजगावकरांनी बोटं पुसली. “प्रकरण गुंतागुंतीचं आहे. विचार करावा लागेल.”

“पण साहेब, मेळा रविवारी आहे!”

“कुठं म्हणालात?”

“मुलुंडला. शाळेच्या मैदानावर. संध्याकाळी.”

“अस्सं,” साहेब म्हणाले आणि त्यांनी कॅलेंडरवर रविवारभोवती गोल काढला.

रविवारी टिपणिसांनी टेबल उचललं. पण टेबलावर त्यांनी बिस्किटांचा एक रिकामा डबाही ठेवला आणि त्यावर कागद चिकटवला, ‘विक्रीकर’. हुकूम आला नव्हता, पण उद्या आला तर पळापळ नको. म्हणून त्यांनी आपल्याच अधिकारात दर ठरवला: बशीला एक पैसा, पेल्याला एक पैसा. शिवाय बाकं काढून टाकली. बसवून खाऊ घातलं तर उपाहारगृह होत होतं ना.

सुरुवातीला गर्दी बरी जमली. मग डबा पुढे येऊ लागला.

“पन्ह्याचे दोन आणे दिले की! हा पैसा कसला?”

“कर.”

“बालवाडीला?”

“सरकारला.”

“सरकार पन्हं करायला आलं होतं का?” असं म्हणून माणसं पैसा टाकत, तोंड वाकडं करत आणि पलीकडच्या भेळवाल्याकडे जात. भेळवाला कर घेत नव्हता आणि बसायला घोंगडी देत होता. मंडळाच्या प्रेमाकाकू गुडघ्यांनी अधू. त्या बिचाऱ्या बशी घेऊन एका दगडावर टेकल्या, तर टिपणीस धावले. “काकू, उठा! तुम्ही बसलात की आमचं उपाहारगृह होतं!” काकू उठल्या, पण उठताना जे बोलल्या त्यातलं ‘मेल्या’ एवढंच इथं सांगण्यासारखं आहे.

हळूहळू गर्दी पांगली. पन्ह्यातला बर्फ वितळू लागला. डाळीची परात अजून भरलेली होती. सुगंधा कोकमाच्या घागरीवरच्या माश्या वारत बसली होती. वसुधाताईंनी मैदानाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्या रागावल्या असत्या तर टिपणिसांना सोपं गेलं असतं. पण त्या हळूच म्हणाल्या, “पावसात ही पोरं तुमच्या डब्याखाली बसणार आहेत का हो?”

कायद्यात प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं, असं टिपणिसांना आजवर वाटत आलं होतं. त्यांनी डबा उगाच थोडा बाजूला सरकवला.

तेवढ्यात फाटकातून अजगावकर साहेब आत आले. सोबत पत्नी होत्या. साहेब सरळ टेबलापाशी आले. नाडकर्णी टिपणिसांच्या कानात कुजबुजले, “झडती!”

“एक बशी डाळ, दोन पन्हं,” साहेब म्हणाले आणि पैसे पुढे केले.

“आणि... तीन पैसे वर,” टिपणीस कसेबसे म्हणाले. साहेबांनी तेही दिले. चमचा तोंडापर्यंत नेला आणि मग थांबले.

“हे तीन पैसे कसले?”

“विक्रीकर, साहेब. आपला हुकूम यायचा होता, म्हणून खबरदारी घेतली.”

साहेबांनी चमचा खाली ठेवला. “तुम्ही नोंदलेले व्यापारी आहात?”

“नाही.”

“मग कर कसा घेता? नोंदणी नसताना लोकांकडून कर घेणं हा गुन्हा आहे!”

टिपणिसांनी टेबल धरलं. “मग... मग नोंदणी करतो.”

“कशाला? नोंदणी मोठ्या उलाढालीला लागते. एका संध्याकाळच्या पन्ह्याला कर कोण विचारतो?”

“पण परवा कचेरीत... ती चर्चा...”

“तुम्ही विचारलंत, कुठल्या पदार्थाला कर लागतो. तुम्हाला लागतो का, हे विचारलंच नाहीत.” मग पत्नीकडे चोरून बघत साहेब आवाज उतरवून म्हणाले, “आणि खरं सांगायचं तर डाळ फार छान होती हो. मध्येच थांबवणं जिवावर आलं.”

अख्ख्या मैदानात एकच गुन्हेगार होता आणि तो म्हणजे टिपणीस! घोंगडीवाला भेळवाला निर्दोष होता, दगडावर बसलेल्या प्रेमाकाकू निर्दोष होत्या. टिपणिसांनी डबा छातीशी धरला, तरातरा लाउडस्पीकरपाशी गेले, चाललेली रेकॉर्ड थांबवली आणि म्हणाले:

“मुलुंडच्या नागरिकांनो! मी, शरच्चंद्र टिपणीस, विमा कंपनीतला दुय्यम हेडक्लार्क. आज माझ्या हातून आपल्याकडून बेकायदा कर घेतला गेला आहे. ज्यांनी ज्यांनी पैसा दिला, त्यांनी कृपा करून तो परत न्यावा. मला क्षमा करावी.”

लवू परबाचा आवाज उठला, लाउडस्पीकरपेक्षाही वर: “कर घेणारे लय बघलंय मी! परत देणारो मात्र पयलोच!”

जो हशा पिकला त्यात सगळं मैदान टेबलाकडे लोटलं. ज्यांनी पैसा दिला होता ते आले. ज्यांनी दिला नव्हता ते, कर परत देणारा माणूस कसा दिसतो ते बघायला आले. रस्त्यावरचे आत शिरले. भेळवाला गिऱ्हाइकं गेली म्हणून स्वतःच रांगेत येऊन उभा राहिला. नाडकर्ण्यांनी काहीच विकत घेतलं नव्हतं, तरी त्यांनी हात पुढे केला. “प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे,” ते म्हणाले. टिपणिसांनी त्यांनाही पैसा दिला.

आणि वसुधाताईंनी काय करावं? पैसा घेऊन माणसं जिथून बाहेर पडत होती तिथं त्यांनी पन्ह्याची घागर आणि डाळीची परात आणून मांडली. “मिळाला पैसा? छान. आता इथवर आलातच तर पेलाभर घ्या. बालवाडीवर पत्रे घालायचेत.” हसणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. परत मिळालेला पैसा खिशात टाकायला गेलेला हात आणखी दोन आणे घेऊनच बाहेर येत होता. काही जणांनी तर पेला न घेताच आणे ठेवले. कोकम संपलं, वड्या संपल्या, पन्ह्याची घागर सुगंधानं पालथी घालून दाखवली. पत्र्यांची काळजी मिटली, हे वसुधाताईंच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. टिपणीस प्रत्येकाच्या हातावर पैसा ठेवताना ‘माफ करा’ म्हणत होते, आणि प्रत्येक जण त्यांची पाठ थोपटत होता. अशी पाठ त्यांची विमा कंपनीनंही कधी थोपटली नव्हती.

रांगेच्या अगदी शेवटी अजगावकर साहेब होते. मध्ये घुसणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ते पुढे आले तेव्हा डबा रिकामा होता.

“माझे तीन पैसे?” साहेबांनी विचारलं.

टिपणिसांनी डबा उपडा करून दाखवला. ओशाळून ते स्वतःच्या खिशात हात घालणार, इतक्यात वसुधाताईंनी परातीच्या तळाशी राहिलेली सगळी डाळ एका बशीत खरवडून, वर कोथिंबीर भुरभुरवून साहेबांच्या हातात दिली.

साहेब बशीकडे बघत उभे राहिले. जन्माची सवय जाते कुठं? “पण बाई, ही विक्री धरायची, की परतावा धरायचा? याला नक्की म्हणायचं काय?”

“याला आग्रह म्हणतात,” वसुधाताई म्हणाल्या. “खा.”